पोरीने उजवीकडे बघितले होते

वाचकहो, आपल्या हातून झालेली चूक चारचौघांत सांगायला जीभ रेटत नाही. बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला, तर दावे तुटले म्हणून सांगता येते. पण दावे आपणच सोडले असेल तर काय सांगायचे? मी मात्र आज सांगणार आहे. माझे वय सत्तरीकडे झुकले आहे. आता झाकून ठेवून काय मिळवायचे? माझे ऐकून एखाद्या घरचा आजोबा, बाप किंवा थोरला भाऊ शाळेपुढे गाडी हळू करील, तर माझी शोभा झाली तरी हरकत नाही.

आमचे गाव पनवेलच्या पूर्वेला, नेऱ्याच्या खोऱ्यात. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी आमच्या शिवाराजवळून पनवेलकडे जाते. घरी थोडी भातशेती आहे. भात निघाले की त्याच ओलीवर वाल टाकायचा, आणि परसात भाजीचे चार वाफे. मुलगा तळोज्याच्या कारखान्यात कामाला जातो, सून घर आणि शेत दोन्ही सांभाळते. नातवाला नवीन पनवेलच्या शाळेत सोडायचे आणि आणायचे काम माझ्याकडे.

मी स्वतः पाचवीपासून पनवेलच्या शाळेत पायी जात असे. पहाटे भाकरी फडक्यात बांधून आम्ही सात-आठ पोरे निघायचो. आज जिथे नवीन पनवेलच्या इमारती उभ्या आहेत, तिथे तेव्हा भाताची खाचरे होती आणि रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. समोरून गाडी येत असली, तर बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी येई आणि गाडी सावकाश मागून येई. बाजूला व्हायला दहा वेळा सवड मिळे. मुंबई-पुणे हमरस्त्यावरच्या मोटारी आम्ही लांबूनच बघायचो. रस्ता कसा ओलांडावा हे आम्हाला कोणी शिकवले नाही, कारण ओलांडायला भ्यावे असा रस्ताच आमच्या वाटेत नव्हता.

पुढे १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि १९८४ च्या जानेवारीत त्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. मग खाचरांवर सेक्टर आले, सेक्टरांत शाळा आल्या. १९९८ साली मुंबईची लोकल पनवेलपर्यंत पोहोचली. २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात जवळच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले.

एका माणसाच्या आयुष्यात आम्ही बैलगाडीच्या चाकोरीपासून विमानापर्यंत आलो. गाड्या तर घरोघर आल्या. पण गाडी चालवायची शिस्त काही गाडीबरोबर मोफत मिळत नाही. ती नसली म्हणजे काय होते, ते आता सांगतो.

शाळेपुढचा रस्ता दुहेरी आहे, मध्ये दुभाजक. आमच्या गावाकडून येताना शाळा पलीकडच्या अंगाला पडते. नियमाप्रमाणे शाळा ओलांडून पुढच्या चौकापर्यंत जायचे, तिथून वळायचे आणि परत मागे यायचे. फार तर चारशे पावलांचा फेरा. पण शाळेच्या अलीकडेच दुभाजकात एक फट आहे. त्या फटीतून पलीकडे शिरायचे आणि दीडशे पावले उलट दिशेने, कडेकडेने जायचे, की शाळेचे फाटक. सगळेच तसे जायचे. रिक्षावाले जायचे, दूधवाले जायचे, मुलांना सोडायला येणारे आईबापही जायचे. मीही जात असे. दोन वर्षे रोज गेलो. कधी काही झाले नाही, म्हणून यात काही वावगे आहे असेही मनात आले नाही.

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ होता. लावणीला माणसे आली होती. माणसे मिळायची मारामार, त्यात पाऊस धरून आलेला. चिखलात उभा राहून मुठी वाटता वाटता वेळेचे भान राहिले नाही. साडेबाराला शाळा सुटते, आणि मी घरून निघालो तोच बारा वाजून गेल्यावर. अंगावर रेनकोट चढवला, स्कूटर काढली. शाळेजवळ पोहोचलो तेव्हा घंटा झाली होती. नातू फाटकात वाट बघत असेल, पावसात भिजत असेल, एवढेच डोक्यात. फटीतून पलीकडे शिरलो आणि रोजच्यासारखा उलट दिशेने निघालो.

फाटकासमोर मुलांना न्यायला आलेल्या व्हॅन आणि रिक्षा एकीला एक लागून उभ्या होत्या. दोन व्हॅनच्या मधून एक मुलगी बाहेर आली. चौथीतली असावी. पिवळा रेनकोट, पाठीवर दप्तर. तिची मान उजवीकडे वळलेली होती. त्या रस्त्यावर गाड्या उजवीकडूनच यायला हव्यात. मी डावीकडून आलो.

ब्रेक दाबला, पण ओल्या रस्त्यावर चाक सरकले. हँडल तिला लागले. ती पडली आणि पलीकडे मी पडलो. माझा वेग फार तर पंचवीसचा असेल. तुम्ही म्हणाल, पंचवीस म्हणजे काहीच नाही. पण पंचवीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात सात मीटर जाते, म्हणजे मोठ्या माणसाची नऊ पावले. ती पोर माझ्यापुढे दोन-तीन पावलांवर अचानक आली होती. तेवढ्यात काय होणार?

दप्तर पाठीवर होते म्हणून तिचे डोके रस्त्यावर आपटले नाही. पण डावा हात मनगटाच्या वर मोडला. कडेला भाजी विकणारी एक बाई धावत आली. तिने पोरीला जवळ घेतले, हात हलू दिला नाही, आणि आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. रिक्षात ती पोर रडत होती, पण रडता रडता माझ्याकडे बघून सारखी एकच गोष्ट सांगत होती. तिला वाटले असावे की हा म्हातारा आता आपल्याला रागावणार.

"आजोबा, मी उजवीकडे बघितलं होतं हो. दोनदा बघितलं."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

तासाभरात तिची आई आली. मला वाटले होते शिव्या देईल, आणि त्या मी ऐकून घेतल्या असत्या. तिने शिव्या दिल्या नाहीत. पोरीच्या केसांवरून हात फिरवत ती एवढेच म्हणाली, "रोज सकाळी सांगून पाठवते मी हिला, आधी उजवीकडे बघ. आता हिला काय शिकवू, तेवढं सांगा."

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पोलीस चौकीत जाऊन घडले तसे सांगितले. कायद्याप्रमाणे जे व्हायचे ते झाले, आणि दवाखान्याचा खर्च मी केला. पैशाने हाड सांधते. पण त्या बाईचा प्रश्न माझ्या मानेवर बसला तो बसलाच.

दुसरी गोष्ट त्याहून जड होती. माझा नातू फाटकातच उभा होता. त्याने सगळे डोळ्यांनी बघितले. रोज रात्री तो माझ्याजवळ निजतो; त्या रात्री आजीजवळ निजला. तिसऱ्या दिवशी अंगणात खेळता खेळता त्याने विचारले, "आजोबा, आपण पण रोज तिकडूनच जायचो ना?"

मी म्हटले, "हो रे बाळा, तिकडूनच जायचो."

तो पुढे काही बोलला नाही. पण माझ्या ध्यानात आले, की शाळेत गुरुजी त्याला वर्षातून एकदा रहदारीचे नियम शिकवत होते आणि मी त्याच शाळेच्या दारात रोज दोन वेळा ते मोडायला शिकवत होतो. पुस्तकातला धडा परीक्षेपुरता. आजोबांचा धडा जन्माचा.

माझे आजोळ खाडीकाठचे. लहानपणी मी मामाबरोबर खाजणात जात असे. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बाहेरचा मोठा बांध असतो, आणि त्याची राखण सगळ्या गावाने मिळून करायची असते. मामा बांधावरून चालताना खाली बघत चालायचा. खेकड्याचे बीळ दिसले की तिथेच थांबून ते चिखलाने ठोकून बुजवायचा. मी हसायचो, एवढ्याशा बिळाने काय होते म्हणून. मामा म्हणायचा, "बीळ खेकड्याचं असतं, पण उधाणाला तिथूनच खांड पडते. आणि खांड पडली की पाणी विचारत नाही हे शेत कुणाचं." एकदा खारे पाणी शिरले की पुढची दोन-तीन वर्षे जमिनीत धड भात होत नाही.

रहदारीचा नियम हा असाच सगळ्यांनी मिळून घातलेला बांध आहे. गाड्या डाव्या बाजूने चालतील, म्हणून मुलाने आधी उजवीकडे बघायचे. हा आपण मोठ्यांनी मुलांना दिलेला शब्दच आहे. पोर त्या शब्दावर विश्वास टाकून रस्त्यात पाऊल टाकते. माझे दीडशे पावलांचे उलटे जाणे म्हणजे त्या बांधाला मी पाडलेले बीळ होते. पाणी मात्र शिरले दुसऱ्याच्या शेतात.

माझी धाकटी मुलगी शिक्षिका आहे. या प्रकारानंतर तिने मला बरेच काही समजावून सांगितले, ते इथे देतो. आपण म्हणतो, पोराला चांगले शिकवले की ते रस्ता नीट ओलांडेल. शिकवले पाहिजेच. पण लहान मूल म्हणजे बुटका मोठा माणूस नव्हे. त्याचा डोळा आपल्या कमरेच्या उंचीवर. उभ्या गाडीपलीकडचे त्याला दिसत नाही, आणि गाडीवाल्याला ते दिसत नाही. लांबून येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज त्याला नीट करता येत नाही. पलीकडे आई दिसली किंवा चेंडू घरंगळला, की बाकीचे सगळे ते विसरते. स्वीडन देशात स्टीना सँडेल्स नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात याचा अभ्यास केला. लहान मुलांना कितीही शिकवले तरी वाहतुकीत त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, रस्ताच मुलांच्या बेताचा केला पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. चौथीतली ती पोर तर सगळे नियमाप्रमाणे वागली होती, तरी तिचा हात मोडला. मग जे पोर विसरेल त्याचे काय?

म्हणून शाळेपुढचा पहिला नियम मुलांसाठी नाही, गाडीवाल्यासाठी आहे. वेग कमी करा. ३० च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, माणसाच्या ध्यानात येऊन ब्रेक लागेपर्यंतचे अंतर धरून, साधारण तेरा-चौदा मीटरांवर उभी राहते. ५० चा वेग असला की हेच अंतर दुप्पट होते. पावसात आणखी वाढते. म्हणजे ३० वाला जिथे थांबलेला असतो, तिथे ५० वाल्याने ब्रेकवर नुकताच पाय ठेवलेला असतो. २०२० साली स्टॉकहोमला जगभरचे मंत्री जमले होते. जिथे पायी चालणारी माणसे आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात, तिथे ३० पेक्षा जास्त वेग नको, असे त्यांनी जाहीर केले. शाळेपुढे तर मी म्हणेन, वीसच बरा.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत अठरा वर्षांखालची मुले होती ९,५२८. म्हणजे दिवसाला सव्वीस. आमच्या गावच्या शाळेत एका वर्गात तेवढी मुले नाहीत. रोज सकाळी एक भरलेला वर्ग शाळेत जायला निघतो आणि संध्याकाळी घरी येत नाही, असे डोळ्यांपुढे आणून बघा.

आता आपल्या शेतकरी घरांपुरत्या चार गोष्टी सांगतो. त्या शहरवाल्यांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू आहेत.

पहिली गोष्ट पोरांच्या हाती गाडी देण्याची. दहावीतला पोरगा मोटारसायकलवर शाळेत जातो, मागे दोन मित्र, आणि बाप कौतुकाने बघतो. पोरगा वळणाचा आहे, गाडी छान चालवतो, असे आपणच सांगतो. अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय अशी गाडी चालवायचा परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि आपल्या दारातल्या गाड्या शंभराच्या पुढच्या. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. आता अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. माझ्यासारखे उलट दिशेने जाणेही त्याच दुरुस्तीपासून धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात धरले जाते. पण दंडाची भीती घालायला मी हे सांगत नाही. दंड भरता येतो. पोरगा परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट हेल्मेटची. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट लागते, मागे बसणाऱ्यालाही. आपण स्वतः घालतो आणि पोराला तसेच बसवतो. जणू डोके फक्त कमावत्या माणसालाच असते. चार वर्षांखालचे मूल असेल, तर २०२३ पासून त्याला मोठ्या माणसाशी पट्ट्याने बांधून घ्यायचे, त्याच्या मापाचे हेल्मेट घालायचे आणि ४० च्या वर वेग न्यायचा नाही, असा नियम आहे. आमच्या सूनबाईने भाजीच्या पैशांतून नातवाच्या डोक्याचे माप घेऊन हेल्मेट आणले. मी दोन वर्षे ते आणले नव्हते, हेही आज सांगून टाकतो.

तिसरी गोष्ट ट्रॅक्टरची आणि बैलगाडीची. पेंढ्याने भरलेली ट्रॉली दोन्ही अंगांनी रस्ताभर फुगलेली असते. चालवणाऱ्याला मागचे दिसत नाही आणि सायकलवरचे पोर तिच्या आडोशाला झाकले जाते. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा तास ट्रॉली बांधावर उभी राहिली, तर पेंढा काही कुजत नाही. गाडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावा. दोन पैशांची पट्टी, पण थंडीतल्या धुक्यात तीच जीव वाचवते.

चौथी गोष्ट गतिरोधकाची. गावापुढे एखादा अपघात झाला की आपण चिडून रातोरात मातीचा नाही तर काँक्रीटचा उंचवटा घालतो. त्यावर रात्री मोटारसायकली उडतात आणि बाळंतिणीला नेणारी गाडी आदळते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक साधारण बारा फूट रुंद आणि चार इंच उंच, गोल उताराचा असावा. त्यावर पांढरे पट्टे हवेत आणि अलीकडे फलक हवा. ग्रामसभेत ठराव करा. रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा ते बघून तिथे अर्ज द्या आणि पोच घ्या. वेळ लागतो, पण काम मापाचे होते.

मायबहिणींनो, पोराला सकाळी डबा देताना रोज एकच गोष्ट सांगा. दहा सांगितल्या तर एकही राहत नाही. आज सांगा, एसटीतून उतरलास की गाडी निघून जाईपर्यंत थांब, तिच्या पुढून-मागून पळू नकोस. उद्या सांगा, जिथे फुटपाथ नाही तिथे समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने चाल. परवा सांगा, उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यात येऊ नकोस. आणि सांगितलेले आपण स्वतः पाळा. पोराचे कान आपल्या तोंडाकडे नसतात, डोळे आपल्या पायांकडे असतात.

आणखी एक. अपघात बघितला, तर पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून पाठ फिरवू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही, हे संरक्षण आता कायद्यातच आहे. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. त्या दिवशी धावून आलेल्या भाजीवाल्या बाईला यातला कुठलाच कायदा माहीत नव्हता. तरी सगळ्यांत आधी तीच धावली.

पोरीच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, पण स्वस्थही बसवेना. मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना घडलेले सांगितले आणि मुलांना आणणाऱ्या पालकांची सभा बोलवायची विनंती केली. आपल्या राज्यात २०११ पासून शाळेच्या बसगाड्यांसाठी नियम आहेत, आणि त्यांत शाळेने परिवहन समिती नेमावी असे सांगितले आहे. तिच्यात मुख्याध्यापकांबरोबर पालकांचा आणि वाहतूक पोलिसांचाही माणूस असतो. तुमच्या शाळेत अशी समिती आहे का, ती बसते का, हे जाऊन विचारा. विचारणारा कोणी असला की कागदावरची समितीही जागी होते.

सभेत मी उभा राहिलो आणि म्हटले, "पोरीचा हात ज्याच्या गाडीने मोडला, तो मी." पुढचे बोलायला मला वेळ लागला. पण मग एकेक जण बोलू लागला. मीही तसाच जातो, मीही फाटकासमोरच गाडी लावते, माझाही पोरगा गाडी नेतो. कोणी कोणाला नावे ठेवली नाहीत, कारण सगळ्यांचेच हात चिखलात होते.

ठरले ते असे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना शंभर पावलांच्या आत कोणी गाडी उभी करायची नाही. मुलांना लांब उतरवायचे आणि तेवढे अंतर बोट धरून चालायचे. आम्ही सहा-सात आजी-आजोबांनी वार वाटून घेतले. माझा सोमवार. शाळा सुटताना पांढऱ्या पट्ट्यांजवळ उभे राहायचे, मुलांना थांबवून घ्यायचे, आणि रस्ता मोकळा झाला की सगळ्यांना एकदम पलीकडे न्यायचे. इंग्लंडात १९५३ साली कायदाच झाला, की शाळेपुढे नेमलेल्या माणसाने फलक दाखवला की गाडीने थांबलेच पाहिजे. आम्हाला तसा काही अधिकार नाही. आम्ही गाड्या थांबवत नाही, मुलांना थांबवतो. पण पाच-पन्नास पोरांसमोर एक पिकल्या केसांचा माणूस हात वर करून उभा असला, की बहुतेक गाड्या आपणहून थांबतात. न थांबणारेही असतात. दुभाजकातल्या त्या फटीतून अजूनही कोणीतरी घुसतो. मी रागावत नाही. त्याच्याकडे नुसता बघतो. तो माझाच जुना चेहरा असतो.

नातवाला घेऊन मी आता चौकापर्यंत जातो आणि वळून येतो. चारशे पावलांचा फेरा. एकदा घड्याळ लावून बघितले. दोन मिनिटेही जास्त लागत नाहीत. एवढ्यासाठी मी एका पोरीचा हात मोडला होता.

तिचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. तोवर मी दर आठवड्याला तिला बघायला जात होतो. श्रावणात मांडवावरच्या काकड्या नेल्या. पहिल्या खेपेला ती आईच्या मागे लपली, चौथ्या खेपेला माझ्यासमोर बसून काकडी खाल्ली. हात चांगला सांधला आहे. गेल्या परीक्षेत तिने चित्रकलेत बक्षीस मिळवले.

सोमवारी शाळा सुटली की ती माझ्याजवळूनच रस्ता ओलांडते. "येते हं आजोबा" म्हणते. पण एक गोष्ट मी दर सोमवारी बघतो. पट्ट्यांजवळ येऊन उभी राहिली, की ती पोर आधी डावीकडे बघते. बराच वेळ बघते. मग उजवीकडे.

त्या रस्त्यावर डावीकडून गाडी यायला नको, हे तिला पाठ आहे. तरी ती बघते, कारण एकदा डावीकडून मी आलो होतो. ती पुन्हा निर्धास्तपणे आधी उजवीकडे बघू लागेल, त्या सोमवारची मी वाट बघतो आहे. तोवर माझी पाळी मी सोडणार नाही.